शाळेचं पासबुक कोण वाचणार? शाळा व्यवस्थापन समितीवर उभं राहायचं तर



शाळा सुरू झाली की पोराच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते, "पालक सभेस उपस्थित राहावे." खुरपणी, पेरणी, दूध घालणं, स्वयंपाक या धांदलीत ती चिठ्ठी दप्तरातच चुरगळून जाते. सभेला पाच-सहा पुरुष आणि दोन-तीन आज्या. अध्यक्ष कोण होणार ते आदल्या रात्री पारावरच ठरलेलं असतं. मग प्रश्न येतो बायकांच्या नावांचा. कायद्याला निम्म्या बायका लागतात, म्हणून हजेरीपटावरून आयांची नावं उतरवून घेतात. आपल्या बैठकीत एक ताई सांगत होत्या, त्या दोन वर्षं समितीवर होत्या हे त्यांना मुदत संपल्यावर कळलं. सगळ्या हसलो. मग कुणीतरी विचारलं, "मग तुमच्या सह्या कुणी केल्या?" तेव्हा हसू थांबलं.

आपण गटात वीस रुपयांचा फरक आला तर बैठक उठू देत नाही. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब लेखन ही पंचसूत्री आपल्या पोरींनाही पाठ झाली. दशसूत्रीत तर शिक्षणही आहे आणि पंचायतराजमधला सहभागही आहे. पण ज्या शाळेत आपलं लेकरू दिवसातले सहा तास काढतं, तिथल्या पैशाला आपण कधी हात लावत नाही, नजरही टाकत नाही. "आपल्याला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य गटात येणाऱ्या बाईनं तरी म्हणू नये. ज्या बाईला गटाचं व्याज काढता येतं, तिला शाळेचं कॅशबुक वाचता येतं. त्यात अवघड असं काही नसतं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला ती असलीच पाहिजे, अनुदानित शाळेलाही. समितीतले तीन चतुर्थांश लोक पालक हवेत, म्हणजे चारातले तीन. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या राज्यानं १७ जून २०१० ला शासन निर्णय काढून समितीची रचना ठरवली. पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधलेच, मुख्याध्यापक हे सचिव, आणि दर दोन वर्षांनी समिती नव्यानं करायची. शिक्षणाची अट नाही. सातवी शिकलेली बाई अध्यक्ष होऊ शकते, न शिकलेलीही होऊ शकते. तुमचं मूल त्या शाळेत शिकत असलं पाहिजे, एवढंच.

याच कलमात समितीची कामं लिहिली आहेत. शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, शाळा विकास आराखडा करायचा, आणि सरकारकडून किंवा दुसरीकडून आलेल्या पैशाच्या वापरावर लक्ष ठेवायचं. हे तिसरं काम नीट वाचा. पंधरा ऑगस्टला व्यासपीठावर बसायला आणि नारळ फोडायला समिती केलेली नाही.

आता पैसा कोणता येतो? समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान येतं. ते पटावर ठरतं. केंद्राच्या निकषाप्रमाणे ३० पर्यंत मुलं असली तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्याच्यावर एक लाख. यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. आपल्याकडच्या वस्ती शाळेवर, गावातल्या शाळेवर मुलं किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. समजा ६४ मुलं आहेत. निकष २५,००० रुपयांचा, त्यातले २,५०० स्वच्छतेचे. खडू, लाइट बिल, दुरुस्ती, नोंदवह्या सगळं त्यातच. निकष एवढा असला तरी प्रत्यक्षात किती जमा झालं, कधी जमा झालं, ते कागदावर बघायचं. तोंडी ऐकून घ्यायचं नाही.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर पासबुक बघून घाबराल. आता बऱ्याच योजनांचे पैसे शाळेच्या खात्यात येऊन पडून राहत नाहीत. शाळेचं खातं शून्य शिल्लक पद्धतीचं असतं. खर्चाची मर्यादा कळवली जाते, बिल झालं की वरच्या एका मुख्य खात्यातून रक्कम जाते. त्यामुळं पासबुकात शिल्लक शून्य दिसली म्हणजे पैसे कुणी खाल्ले असं लगेच धरू नका. विचारायचं ते असं, "सर, यंदा मर्यादा किती आली? त्यातले किती खर्च झाले? कशावर?" मर्यादेचा कागद, खर्चाची पावती आणि कॅशबुकातली नोंद या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. आपण गटात वसुलीचा कागद, बँकेचं पासबुक आणि सभासदाचं पुस्तक समोरासमोर ठेवतो, तसंच.

आणि एक चूक आपल्या हातून होण्यासारखी आहे. आपण बचतवाल्या. पैसा उरला की आपल्याला बरं वाटतं. शाळेच्या अनुदानाचं उलटं असतं. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि न वापरलेली रक्कम मागे जाते. मुलींच्या संडासाला कडी नाही, हात धुवायच्या नळाला तोटी नाही, आणि समिती म्हणते आम्ही पाच हजार वाचवले. ही बचत नाही, हा मुलींवर अन्याय आहे. काटकसर म्हणजे पैसा वेळेत, गरजेच्या जागी, योग्य भावात लागला पाहिजे. उलट बाजूही तितकीच खरी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं ढीगभर बिलं जोडली जातात, ती दोनदा वाचावीत. जानेवारीत नको असलेली वस्तू मार्चमध्ये एकदम गरजेची कशी झाली, असं विचारलं तर त्यात कुणाचा अपमान नाही.

बिल बघताना वस्तूही बघायची. बिलावर दोन पंखे आहेत, तर वर्गात जाऊन मान वर करा. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर असतं, जडवस्तू नोंदवही म्हणतात तिला. आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू तिच्यात चढवायची असते. बिलावर आहे आणि रजिस्टरात नाही, किंवा रजिस्टरात आहे आणि वर्गात नाही, अशी वस्तू सापडली तर तिथंच थांबायचं. भाव तर आपल्याला कळतातच. कड्याच्या बाजारात बादली, झाडू, फिनेल कितीला मिळतं हे मुख्याध्यापकांपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे. मोठी खरेदी असेल तर दोन-तीन दुकानांचे कोटेशन मागवा आणि ते प्रोसिडिंगला जोडा.

पोषण आहाराचं गणित तर चुलीपाशी बसून होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. आपली ६४ मुलं पाचवीपर्यंतचीच धरा. त्या दिवशी हजर ५२. मग तांदूळ शिजायला पाहिजे ५ किलो २०० ग्रॅम. वहीत ६४ मुलं लिहून ६ किलो ४०० ग्रॅम दाखवला तर रोजचा फरक १ किलो २०० ग्रॅम. महिन्यात शाळा २४ दिवस भरली तर २८ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या कट्ट्याहून जास्त. कुठं असं चाललंय असं मी म्हणत नाही. पण महिन्यातून एखाद्या दिवशी, न सांगता, दुपारच्या सुट्टीत जायचं, पोरं मोजायची, मग वही बघायची. स्वयंपाक करणारी ताई आपल्यातलीच असते. तिला महिन्याचे अडीच हजार रुपये मानधन, तेही वेळेवर पडेल याची खात्री नाही. हिशेब विचारायचा तो तिला चोर ठरवून नाही. उलट तिचं मानधन किती महिन्यांचं थकलंय हा प्रश्नही समितीच्या बैठकीतच यायला पाहिजे आणि ठराव करून वर जायला पाहिजे.

गणवेशाचं तर आपल्या गटांनी भोगलंय. एका मुलाला दोन गणवेश, प्रत्येकी ३०० प्रमाणे ६०० रुपये. पूर्वी हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडं यायचा आणि समिती गावात, तालुक्याला गणवेश घ्यायची. २०२४-२५ मध्ये सरकारनं ठरवलं की सगळ्या राज्याला एकच गणवेश, कापड वरून येणार आणि शिलाई बचत गटांच्या बायका करणार. ऐकायला छान होतं. प्रत्यक्षात कापड उशिरा आलं, मापांचा घोळ झाला, कितीतरी ठिकाणी पोरं पंधरा ऑगस्टला जुन्याच कपड्यांत उभी राहिली. एका गणवेशाच्या शिलाईला शंभर रुपये आणि वर दहा. सुई-दोरा, बटन, लाइट, येण्याजाण्याचं भाडं धरून यात काय उरतं, ते मशीन चालवणाऱ्या बाईला विचारा. आणि नाव कुणाचं खराब झालं? "बचत गटाच्या बायकांनी शिवलेलं असंच असतं." शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडं दिलं.

म्हणजे आता रंग ठरवणं, कापड बघणं, माप घेणं, शिलाई कुणाला द्यायची हे ठरवणं समितीच्या हातात. ६४ मुलांचे ३८,४०० रुपये होतात. समितीवर जाणती बाई असेल तर ती कापड चुरगळून बघेल, शिवण ओढून बघेल, वाढत्या अंगाच्या पोराला दुमड किती ठेवलीय ते बघेल.

पण इथंच एक सावधगिरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा तुम्ही समितीवर आहात आणि शिलाईचं काम तुमच्याच गटाला मिळतंय. किंवा आहाराचं काम तुमच्या जावेच्या गटाकडं आहे. काम घेऊ नका असं मी म्हणणार नाही, गावातल्या बाईला काम मिळालंच पाहिजे. पण तो ठराव चर्चेला येईल तेव्हा उठून सांगा, "हा माझा गट आहे, मी यात मत देत नाही," आणि बाहेर जाऊन बसा. तसं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. दुसऱ्या गटाचा दरही मागवायला लावा. आपलं बिल आपणच मंजूर केलं तर उद्या दुसऱ्याचं बिल अडवायला तोंड राहत नाही. गटातसुद्धा स्वतःच्या कर्जाच्या मागणीवर आपण स्वतः शिक्कामोर्तब करत नाही ना?

शाळेच्या पैशाचा हिशेब मागणं हे काही नव्या जमान्याचं खूळ नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरत होतं. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळे एका बाजूला आणि ते एकटे एका बाजूला. पुढं १८८२ मध्ये हंटर आयोगापुढंही त्यांनी हेच मांडलं, की सरकारच्या तिजोरीत पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण मिळतं वरच्यांच्या पोरांना. समितीच्या बैठकीत एकटं पडलो असं वाटलं तर हे आठवावं.

आता उभं कसं राहायचं? ही निवडणूक ग्रामपंचायतीसारखी नाही. अर्ज, चिन्ह, डिपॉझिट काही नाही. पालक सभा भरते, नावं सुचवली जातात, जास्त नावं आली तर हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून निवड होते. म्हणून सगळी तयारी सभेच्या आधी करायची. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, सध्याच्या समितीची मुदत कधी संपते, सभा कधी आहे. शक्यतो लेखी विचारा आणि पोच घ्या. मग आपल्या गल्लीतल्या, वस्तीवरच्या, मळ्यातल्या आयांना भेटा. आपल्या ग्रामसंघातल्या ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत अशा पंधरा बायका जरी सभेला आल्या तरी पारावर ठरलेलं चालत नाही. एकीनं नाव सुचवायचं, दुसरीनं अनुमोदन द्यायचं, हे आधी ठरवून जा. आपापसात दोन नावं पुढं करू नका, मतं फुटतात. एकाच भावकीतल्या किंवा एकाच समाजाच्या बायका पुढं करू नका. कायदाच सांगतो की सगळ्यांना जागा हवी, आणि तुमच्या बाजूनं बोलणाऱ्याही तेवढ्याच वाढतात.

सभेत दोन मिनिटं बोलायला लागलं तर फार मोठं भाषण नको. असं काहीतरी बोलता येईल:

"नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे. मी सात वर्षं गटाचा हिशेब बघते. मला समितीवर यायचंय ते शाळेला आलेला प्रत्येक रुपया कुठं लागला हे तुम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. मी निवडून आले तर दर तीन महिन्यांनी जमा-खर्च शाळेच्या फळ्यावर लिहायला लावीन. गुरुजींवर माझा राग नाही. हिशेब उघडा असला की त्यांच्यावर पण कुणी बोट दाखवणार नाही."

शेवटची दोन वाक्यं सोडू नका. हिशेब मागणाऱ्या बाईला गावात "भांडखोर" म्हणायला वेळ लागत नाही. बहुतेक शिक्षक अनुदान येण्याआधी खिशातले पैसे घालून शाळा चालवतात, हेही खरं आहे. त्यांना एकटं पाडून काही साधत नाही. ते सचिव आहेत, समितीचं रोजचं काम त्यांच्याबरोबरच करायचं आहे.

निवडून आल्यावर पहिली परीक्षा सहीची. अध्यक्षाची आणि मुख्याध्यापकांची मिळून बँकेत सही चालते. "ताई, एवढ्या चेकवर सह्या करून ठेवा, तुम्हाला परत यायचा त्रास नको." हा त्रास घ्या. कोऱ्या चेकवर सही नाही, कोऱ्या प्रोसिडिंगवर सही नाही, रक्कम न लिहिलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रावर तर मुळीच नाही. उद्या चौकशी लागली तर कागदावर सही तुमची असते, सांगणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, गटातल्या लेखापाल ताईला सोबत न्या. सरपंचपतीसारखे अध्यक्षपती आपल्याला नकोत. मालक गाडीवर सोडायला आले तर ठीक, बैठकीत खुर्ची तुमची.

बैठक दर महिन्याला व्हायला पाहिजे. होत नसेल तर दोघी-तिघी सदस्यांनी मिळून लेखी मागा. कागद दाखवत नसतील तर आधी केंद्रप्रमुखांना सांगा, मग आष्टीला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज द्या, त्याच्यावर बीडला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणानं दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण हे शेवटचं हत्यार. गावातल्या गावात चहावर सुटणारी गोष्ट आधी तिथंच सोडवून बघा.

राहिला प्रश्न आपल्या भागाचा. शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी करायचा असतो, म्हणजे डिसेंबर धरा. डिसेंबरात आपलं अर्धं गाव कुठं असतं? उसाच्या फडात. दिवाळी झाली की कोयते निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. म्हणजे ज्यांच्या पोरांना शाळेची सगळ्यात जास्त गरज, त्यांचेच आई-बाप आराखड्याच्या वेळी गावात नाहीत. त्यांची पोरं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह आहे आणि ते चालवायची जबाबदारीही समितीवरच येते. त्या पोरांची खरी संख्या, त्यांचं दोन वेळचं जेवण, त्याची बिलं. फडावरची आई येऊन बघू शकत नाही, म्हणून गावात राहिलेल्या आईनं बघायचं.

यासाठी दोन गोष्टी करता येतील. आराखड्याची बैठक दिवाळीच्या आधी, टोळ्या निघायच्या आत घ्यायला लावा. आणि समितीवर निदान एक तरी ऊसतोड कुटुंबातली आई घ्या. ती फडात असली तरी फोन असतोच. बैठकीच्या दिवशी स्पीकरवर फोन लावून तिला यादी वाचून दाखवायची आणि तिचं म्हणणं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायचं. सही ती परत आल्यावर करेल, अंगठा कुणी तिच्या नावानं उठवायचा नाही.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघानं तीन गोष्टी लिहून आणायच्या आहेत: आपल्या शाळेच्या समितीची मुदत कधी संपते, सध्या समितीवर असलेल्या महिलांची नावं, आणि त्या महिलांपैकी किती जणींना आपण समितीवर आहोत हे माहीत आहे.